शून्यावर आणलेली दुर्बीण

आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही, आणि तरी एका वर्षी आमच्या फ्रीजमध्ये, चक्क्याच्या भांड्याशेजारी, शिकारीच्या बंदुकीवर बसवायच्या तीन दुर्बिणी चांगल्या आठवडाभर राहिल्या होत्या. हे मी आता कुणाला सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई साठीला आली, रंगवून सांगतेय. मला रंगवायची काय गरज पडलीय! उलट जे घडलं त्यातलं निम्मं मी इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. आई होती तोवर ती हा किस्सा सांगायची आणि माझ्या वाट्याचा भाग आला की माझ्याकडे बघून थांबायची, म्हणजे पुढचं मी सांगावं. मी पाणी आणायला उठायचे. आज उठणार नाही.

आम्ही तिघंच. बाबा, आई आणि मी. मी सोळा वर्षांची, बोलायला इंग्रजी आणि ओरडायला मराठी अशी. घर परदेशात, शुगर लँड नावाच्या गावी, एकसारख्या घरांच्या रांगेतलं एक. उन्हाळ्यात दार उघडलं की तोंडावर ओला टॉवेल मारल्यासारखी हवा यायची, म्हणून दारं कायम बंद आणि एसीची घरघर अखंड. त्या घरघरीवर आईच्या कुकरच्या शिट्ट्या, मिक्सरमधली चटणी, बाहेर लॉनवर फिरणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याची टकटक. एवढ्या आवाजांत त्या वर्षी एक आवाज कमी झाला होता, तो म्हणजे सकाळी सव्वासातला बाबांची गाडी सुरू होण्याचा. बाबा पाइपलाइनची डिझाइनं करायचे. तेलाचे भाव कोसळले आणि त्यांच्या कंपनीनं अख्खा मजला रिकामा केला. त्यातच बाबा.

पण बाबांनी सवय सोडली नाही. सहाला दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि आठाच्या ठोक्याला जेवणाच्या टेबलाशी बैठक. अर्ज लिहायचे, ते संपले की जुन्या वह्या चाळायचे. आई दहाला चहा ठेवायची आणि मुकाट्यानं परत जायची. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "बघू." जेवायला काय करू? बघू. भारतात जायचं का डिसेंबरात? बघू. मला ड्रायव्हिंग लायसन्ससाठी सही हवी होती, तीसुद्धा बघू. मी तेव्हा इतकी चिडायचे त्या शब्दावर! आज कळतं की ज्या माणसाला कुणी काही विचारेनासं झालंय, त्याला घरातल्यांच्या प्रश्नांचीही भीती वाटत असणार. तेव्हा मला फक्त लायसन्स कळत होतं.

समोर अर्लकाका राहायचे. रेल्वेच्या यार्डात आयुष्य गेलेलं, बायको जाऊन चार वर्षं झालेली, उंच, हाडापेरानं मजबूत, आणि बोलणं असं सावकाश की आई म्हणायची, यांचं एक वाक्य होईस्तोवर माझी पोळी होते. आमच्या कुकरची पहिली शिट्टी ऐकून ते आग लागली म्हणून धावत आले होते, ती आमची ओळख. मग आई त्यांना चिवडा द्यायची आणि ते स्वतः फोडलेले पिकान, अक्रोडासारखाच मेवा, डबा भरून आणून ठेवायचे. ते बाबांना नावानं कधी हाक मारायचे नाहीत. "इंजिनिअर" म्हणायचे. नोकरी गेल्यावरही इंजिनिअरच. (ते अर्थात इंग्रजीत बोलायचे. इथे त्यांना मी माझ्या मराठीत बोलवतेय, त्यांची हरकत नसती.)

त्या वसंतात त्यांना अर्धांगाचा एक हलका झटका येऊन गेला होता. बाकी सगळं परत आलं, पण डाव्या हाताची ताकद पूर्वीसारखी राहिली नाही. ऑगस्टमधल्या एका दुपारी ते आले आणि टेबलावर बाबांच्या समोर बसले. म्हणाले, "इंजिनिअर, एक काम आहे. माझी रायफल जड नाही, पण तिच्यावरची दुर्बीण लोखंडाची आहे. डावा हात धरून राहत नाही, नळी खाली जाते. मला हलकी हवीय, आणि माझ्या पेन्शनीत बसणारी हवीय. दुकानात गेलो तर मला स्टोव्हच्या धुराड्याएवढी काहीतरी दाखवतात. तू बघून दे."

मी कान टवकारले, आता 'बघू' येणार म्हणून. बाबा म्हणाले, "किती लांबून गोळी झाडता?"

"दीडशे यार्ड. त्यापुढे मी झाडत नाही."

"पहाटे का दिवसा?"

"पहाटे आणि सांजेला. हरीण तेव्हाच बाहेर पडतं." मग ते म्हणाले, "एक सांगतो. जखमी होऊन पळालेलं जनावर हे झाडणाऱ्याच्या माथी असतं. मला खात्री नसेल तर मी जाणारच नाही. या वर्षी खात्री नाही आली, तर रायफल विकून टाकणार."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "नीला, विचार त्यांना, त्या मुक्या जिवाला त्रास होतो का म्हणावं." मी विचारलं. अर्लकाकांनी खुर्ची वळवून थेट आईकडे बघून उत्तर दिलं, "मी माझं काम नीट केलं आणि काचेनं तिचं, तर त्याला आवाजसुद्धा ऐकू येत नाही, मॅडम." आईनं गॅस बारीक केला. तिला हे सगळं पटलं होतं असं मुळीच नाही, पण खोटं बोलणारा आणि खरं बोलणारा माणूस तिला बरोबर ओळखू यायचा. ती बाबांना म्हणाली, "अहो, मग नीट बघून घ्या. अर्धवट नको."

झालं! बाबांना एवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून टेबलावरचे अर्ज एका बाजूला सरकले आणि आखीव कागद आला. बाबांनी त्यावर रकाने पाडले, वजन, किंमत, उजेड, आतून धूसर होते का, हादरा सोसते का. एक रकाना नंतर वाढला, त्याची गोष्ट अशी. मूळ दुर्बिणीत काय चुकतंय ते बघायला बाबा अर्लकाकांबरोबर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, गेले. आयुष्यात पहिल्यांदा बंदूक हातात धरलेला माणूस, त्यात चष्मा, त्यात नीट दिसावं म्हणून डोळा अगदी काचेला भिडवलेला. गोळी सुटली, बंदुकीनं मागे धक्का दिला, आणि दुर्बिणीची कड बाबांच्या भुवईवर बसली. घरी आले ते भुवईवर रक्ताची अर्धगोल खूण घेऊन. आईनं हळद दाबता दाबता म्हटलं, "काय हो, चंद्रकोर लावून आलात? सवाष्णीचा मान माझ्याकडेच राहू दे की!" बाबा हसले नाहीत, पण हळद लागलेल्या हातानंच त्यांनी रकाना लिहिला, डोळ्यापासूनचं अंतर, किमान तीन इंच.

दुकानात मीही गेले होते. गल्ल्यामागचा माणूस मोठा बोलका. त्यानं तीनपटीपासून नऊपटीपर्यंत मोठं दाखवणारी, पुढे वाडग्याएवढी काच असलेली दुर्बीण काढली आणि म्हणाला, सध्या सगळे हीच नेतात. बाबांनी अत्यंत नम्रपणे तिथलाच एक पाकिटाचा कागद मागून घेतला आणि भागाकार मांडला. पुढच्या काचेचा व्यास भागिले किती पट, म्हणजे डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी. ही चाळीस भागिले नऊ, साडेचार मिलिमीटरसुद्धा नाही. ती कोपऱ्यात पडलेली साधी चारपटीची, तिची काच बत्तीसची. बत्तीस भागिले चार, आठ. "यांच्या वयाची बाहुली अंधारात जेमतेम पाच मिलिमीटर उघडते," बाबा म्हणाले. "म्हणजे लहानीतून जेवढा उजेड मिळेल तेवढा यांच्या डोळ्यात मावणारही नाही. आणि मोठी नऊपटीवर लावली तर संध्याकाळी अंधुकच दिसेल. शिवाय तिच्यात हलणारे भाग जास्त. दीडशे यार्डांना नऊपट करायचीय काय?"

अर्लकाकांनी पाकीट उचलून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मी जास्त पैसे देऊन कमी बघणार होतो." दुकानदार खोकला. मला बाबांचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच दुकानातले बूट बघायला लागले, कारण डोळ्यांत काहीतरी यायला लागलं होतं आणि सोळाव्या वर्षी ते दिसलेलं परवडत नाही.

पण बाबा भागाकारावर थांबणारे नव्हेत. परत करायच्या बोलीवर तीन दुर्बिणी घरी आल्या. ती मोठी, ती लहान चारपटीची, आणि एक अगदीच स्वस्तातली. तिघी फ्रीजमध्ये गेल्या. आईनं अट घातली की दुधाच्या कप्प्यात नाही, आणि प्रत्येकीला वेगळी प्लॅस्टिकची पिशवी. रोज सकाळी बाबा एकेक काढून थेट अंगणातल्या दमट हवेत नेऊन ठेवायचे. बाहेरून सगळ्याच घामेजायच्या, ते पुसता येतं. पण स्वस्तातली तिसऱ्या दिवशी आतून धूसर झाली, आणि आतलं कुणाला पुसता येत नाही. तिच्यावर काट मारली.

मग उजेडाची परीक्षा, आणि तिथे माझा बळी. नागपूरहून मामानं पाठवलेलं मराठी कॅलेंडर घेऊन मी संध्याकाळी गल्लीच्या टोकाला उभी राहायचं. इकडे बाबांनी नुसती दुर्बीण, बंदूक नव्हे, कॅमेऱ्याच्या तिपाईवर बांधलेली. अंधार पडत जायचा आणि बाबा अर्लकाकांना डोळा लावायला सांगून स्वतः वही धरायचे. अर्लकाकांना मराठी कुठलं वाचता येणार! ते अक्षरांचे आकार बोटानं हवेत काढून दाखवायचे, बाबा ओळखायचे आणि इकडून ओरडायचे, "पंधरा तारखेला संकष्टी आहे का?" मी तिकडून ओरडायचे, "आहे!" एकदा वर्गातल्या दोन मुली पिकअपमधून गेल्या आणि त्यांनी विचारलं की तू हे काय करतेयस. मी म्हटलं, सायन्स प्रोजेक्ट. मोठी दुर्बीण नऊपटीवर पावणेआठलाच आंधळी झाली. लहानीतून रस्त्यावरचे दिवे लागल्यावरही अर्लकाकांनी एकादशीची वेलांटी अचूक गिरवून दाखवली. दोघंही त्या तिपाईशी वाकून असे रमलेले असायचे की आईनं जेवायला तीनदा हाक मारावी लागायची.

शेवटी आईचा तराजू आला, लाडवाचं पीठ मोजायचा तो. बाबांचा एक नियम होता आणि तो मला अक्षरांच्या आधी शिकवला गेला होता: कुठलंही उपकरण वापरून झालं की शून्यावर आणून ठेवायचं. तराजूचा काटा, मीटरची कळ, गजर लावायचं घड्याळ, काहीही. दुसऱ्याच्या हातात जाईल तेव्हा ते स्वच्छ सुरू झालं पाहिजे. तर तराजू शून्यावर आणला, जुनी लोखंडी दुर्बीण कड्यांसकट ठेवली, अर्ध्या किलोच्या वर. नवी ठेवली, पाव किलोच्या जरा पुढे. आई म्हणाली, "चला, पाव किलो शेंगदाणे उतरले हो त्यांच्या हातावरून." बाबांनी बाकीच्या दोघी परत केल्या आणि लहानी स्वतः बसवली. सप्टेंबरात रेंजवर जाऊन, डोळा तीन इंच लांब ठेवून, दोघांनी मिळून तिचा नेम जुळवला. दुर्बिणीच्या वरती आणि उजव्या बाजूला दोन छोट्या टोप्या असतात, त्या काढल्या की खाली आकडे कोरलेल्या दोन चकत्या. एक वरखाली हलवते, एक डावीउजवीकडे. एक खूण म्हणजे शंभर यार्डांवर एक इंच. बाबांनी वहीत लिहिलं, वरची अकरा, बाजूची चार. अर्लकाकांच्या तीन गोळ्या एका वाटीखाली झाकतील एवढ्या जवळ लागल्या. बाबा त्या दिवशी गाडीत शीळ घालत होते, असं अर्लकाकांनी आईला येऊन सांगितलं.

आता खंडेनवमी. आमच्याकडे ती जोरात असायची. आईचं शिवणयंत्र, मिक्सर, तराजू, बाबांची हिशोबाची सरकती पट्टी, नटबोल्टचे पाने, गाडीची किल्ली, माझा कॅल्क्युलेटर, सगळं धुऊनपुसून टेबलावर. त्या वर्षी बाबा आदल्या दिवशी समोर गेले आणि म्हणाले, जे हत्यार माझ्या हातून जुळलं, ते पूजेला हवं. अर्लकाकांनी एकही प्रश्न विचारला नाही. रायफल स्वतः घेऊन आले, बोल्ट, म्हणजे गोळी उडवणारा दांडा, काढून खिशात घातला, नळी मला आरपार दाखवली आणि ती टेबलावर आडवी ठेवून म्हणाले, "आशीर्वाद द्यायचाय तर सगळीला द्या." पुसायचं काम माझ्याकडे. बाबांनी बजावलं, "काचेला हात लावायचा नाही." मी लावला नाही. पण टोप्यांच्या आट्यांत धूळ बसली होती, म्हणून मी त्या उघडल्या, आणि खाली बघते तर काय, दोन्ही चकत्या वाकड्याच! एक अकरावर, एक चारवर. तराजू शून्यावर, मीटर शून्यावर, आणि ही एवढी कौतुकाची दुर्बीण अशीच कशी ठेवली बाबांनी? मी नाणं घेतलं, खाचेत घातलं आणि दोन्ही शून्यावर आणून ठेवल्या. टोप्या लावल्या. लाकडी दस्त्याला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. शाबासकीची वाटसुद्धा बघितली नाही, इतकं ते साधं काम होतं. कपाळ माझं!

नोव्हेंबरात शिकारीचा सीझन उघडला आणि अर्लकाकांनी बाबांना आणि मला बरोबर नेलं. त्यांच्या मेव्हण्याची हिल कंट्रीत, म्हणजे टेकड्यांच्या मुलखात, जमीन होती, चार तासांच्या ड्राइव्हवर. वाटेत पाऊस लागला, पोचायला उशीर झाला आणि एरवी आदल्या दिवशी ते तपासणीची एक गोळी झाडायचे, ती राहिली. बाबा म्हणाले, सकाळी तपासून मग बसू. अर्लकाका म्हणाले, "सकाळी आवाज केला तर हरीण कुठलं यायला? तू जुळवलंयस ना इंजिनिअर, मग जुळलंय."

पहाटे आम्ही तिघं एका ओकच्या झाडाखाली बसलो. गवतावर दव, हवा कोरडी आणि थंड, शुगर लँडनंतर ती हवा नुसती नाकात घेतली तरी हुशारी यायची. उजाडता उजाडता शंभर यार्डांवर एक नर बाहेर आला. अर्लकाकांनी रायफल उचलली. डावा हात थरथरला नाही, मी अगदी जवळून बघत होते. आवाज झाला. हरणानं मान वर केली, आमच्या दिशेला बघितलं, आणि अंगावर ओरखडाही नसलेलं ते जनावर दोन उड्यांत झाडीत गेलं. त्याच्यामागे बांधावरची माती उडाली होती, पाठीच्या वरच्या अंगाला. अर्लकाकांनी हळूच रायफल उतरवली आणि डाव्या हाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "बरं. कळलं."

मेव्हण्याच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही आईच्या दशम्या सोडल्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं आणि कागदी ताटल्या. कुणी जेवेना. रायफल पेटीत बंद झाली होती. अर्लकाका म्हणाले, "पेटी उघडायची नाही, इंजिनिअर. काच चांगली आहे. हात गेलाय. नशीब की जखमी झालं नाही. शनिवारी नेऊन विकतो."

बाबा म्हणाले, "हात ठीक होता, मी पाहिला. दुर्बीण सरकली असणार. हलकी निवडायच्या नादात मी कच्ची निवडली." त्यांनी वही काढली आणि त्या रकान्यांवरून बोट फिरवत राहिले, कुठे चुकलं ते शोधत. "हादऱ्याची परीक्षा मी घेतलीच नाही. मी अकरा आणि चार लिहिलं आणि..."

अकरा आणि चार. मला नाणं आठवलं, खाच आठवली. सगळं एका क्षणात लख्ख कळलं, आणि हेही कळलं की पेटी बंद आहे. ती कुणी उघडणार नाही. शनिवारी रायफल विकली जाईल, दुर्बीण तिच्याबरोबर जाईल, आणि मी काय केलं ते या जगात कुणालाही कळणार नाही. खोटं कशाला लिहू, मला सुटल्यासारखं वाटलं. मी उठून बाहेर पंपावर गेले आणि तोंडावर पाणी मारलं. आतून त्या दोघांचे आवाज येत होते. एक म्हणत होता हात माझा, दुसरा म्हणत होता चूक माझी, आणि दोघंही एकमेकांची समजूत घालत होते. एवढी चांगली माणसं, आणि दोघं मिळून माझं पाप वाटून घेत होती. जून महिन्यापासून 'बघू' म्हणणारे माझे बाबा पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसायला निघाले होते. ते मला सहन झालं नाही.

मी आत गेले आणि उभ्या उभ्या मराठीत म्हटलं, "बाबा, हात गेला नाही आणि दुर्बीणही नाही. खंडेनवमीला मी टोप्या उघडल्या आणि दोन्ही शून्यावर आणून ठेवल्या."

बाबांनी वही मिटली. "शून्यावर आणायला कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. उपकरण वापरून झालं की..."

आणि बाबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग चष्मा काढून डोळे पुसायची वेळ आली. मी रडत होते, ते हसत होते, आणि अर्लकाका बिचारे एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. बाबांनी कसंबसं इंग्रजीत सगळं सांगितलं. अर्लकाकांनी ऐकून घेतलं आणि टेबलावर असा हात आपटला की ताटल्या उडाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आपटला तो डावा होता. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि हळूच विचारलं, "म्हणजे मी धरली तिथेच होती?"

"अकरा इंच खाली आणि चार इंच बाजूला गेली असती तर बरोबर तिथेच," बाबा म्हणाले.

पेटी उघडली. बाबांनी नाणं मला दिलं. मी खाचेत घातलं आणि बाबा मोजायला लागले. हिशोब इंग्रजीत शिकलेला माणूस, पण मोजायचा मराठीतच. "एक. दोन. सावकाश. तीन." अकरापर्यंत वरची, चारपर्यंत बाजूची. अर्लकाकांनी आईची एक कागदी ताटली खिळ्यानं झाडाला ठोकली आणि शंभर यार्ड मोजून परत आले. तीन गोळ्या. ताटलीच्या मधोमध तीन भोकं, वाटीखाली झाकतील अशी. अर्लकाकांनी उरलेली दशमी चटणी लावून गुंडाळली आणि अर्धी तोडून मला दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी हरीण मारलं. तेही लिहिते, लपवत नाही. एका गोळीत. ते आईला म्हणाले होते तसंच, त्याला आवाज ऐकू आला नसावा. बाबांनी नकळत हात जोडले, आणि अर्लकाकांनी टोपी काढली. परतीच्या वाटेवर गॅस स्टेशनवरून बाबांनी घरी फोन लावला. मी बाजूला उभी होते, आईचा आवाज फोनबाहेर येत होता, "अहो, काय झालं? नीट झालं का?" मी सवयीनं 'बघू' ची वाट बघितली. बाबा म्हणाले, "झालं. जमलं." मग म्हणाले, "नीलाच्या लायसन्सचा कागद काढून ठेव, सही करायचीय." पुढच्या उन्हाळ्याआधी त्यांना नोकरी लागली, आधीपेक्षा लहान. पण सव्वासातला गाडीचा आवाज परत यायला लागला.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला बेल वाजली. दारात अर्लकाका, हातात रायफल, बोल्ट खिशात. आईनं माझ्याकडे बघितलं, मी मागे सरकले. म्हटलं, बाबा पुसतील. अर्लकाकांनी रायफल टेबलावर ठेवली, फडकं उचललं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, "टोप्याही काढून पूस. आट्यांत धूळ बसते." आणि ते बाबांबरोबर चहा प्यायला दुसऱ्या खोलीत निघून गेले. मी टोप्या काढल्या. अकरा आणि चार. चकत्यांच्या कडेनं फडकं फिरवलं, टोप्या लावल्या, कुंकू वाहिलं. कुणी बघायला आलं नाही. आठवड्यानं ते रेंजवरून आले ते सरळ माझ्याकडे, आणि एक कागदी ताटली माझ्या हातात ठेवून घरी गेले. मी स्वयंपाकघरातून वाटी आणली आणि उपडी घालून बघितली. तिन्ही भोकं झाकली गेली.